थिंकपॅड टी४८०: रॅम घरी वाढवायची आहे. कोणती स्टिक घ्यावी, आणि भर पावसाळ्यात मशीन उघडावं का?

केपे_डीटीपी

नमस्कार मंडळी. मशीन थिंकपॅड टी४८०, प्रोसेसर आय५-८२५०यू, ८ जीबीची एकच स्टिक, २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११. काम डीटीपीचं: जत्रोत्सवाच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, नाटकांची पत्रकं. फोटोशॉप आणि कोरलड्रॉ एकाच वेळी उघडे असतात, बाजूला ब्राउझरचे दहा-बारा टॅब. स्मरणिकेत जाहिरातींची रंगीत पानं लागायला लागली की सेव्ह करताना मशीन अर्धा-एक मिनिट गोठतं. त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९२ ते ९५ टक्के दिसते.

हे रॅमचंच दुखणं आहे ना, हे आधी कळायला हवं. असेल तर कोणती स्टिक घेऊ? मूळची २४०० आहे आणि मडगावच्या दुकानांत २६६६ किंवा ३२०० आहे म्हणतात. ८ ची घ्यावी की १६ ची? या मशिनात मागच्या बॅटरीशिवाय आत आणखी एक बॅटरी असते असं वाचलं, तिचं काय करायचं? आणि आत्ता हवेत एवढी ओल असताना मागचं झाकण उघडणं बरोबर आहे का, की गणपतीनंतर, पाऊस ओसरल्यावर करावं?

म्हापसा_बेंच

ताई, आधी दुखणं नक्की करू, मग खरेदी.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. टक्केवारीपेक्षा तिथला ‘कमिटेड’ हा आकडा बघा, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली मेमरी. तो दोन भागांत असतो, म्हणजे १२.४/१५.८ जीबी असा. तुमच्याकडे प्रत्यक्ष रॅम ८ जीबी. पहिला आकडा नेहमी ११-१२ च्या घरात राहत असेल तर वरचे तीन-चार जीबी पेजफाइलच्या, म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज एसएसडीवर वापरतं त्या जागेच्या भरवशावर आहेत. मग रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’चा (रॅममध्ये न सापडलेला मजकूर डिस्कवरून आणावा लागल्याचा) आलेख असतो. सेव्ह करताना तो शेकड्यांत जाऊन तिथेच राहिला तर रॅमच कमी आहे. आलेख शांत आणि डिस्क मात्र १०० टक्के असेल तर एसएसडी भरत आलेली असण्याचा संभव जास्त, आधी तिथे जागा करा.

तुमच्या कामाचा हिशेब मात्र रॅमकडेच बोट दाखवतो. ए४ पान ३०० डीपीआयला म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, साधारण ८७ लाख. सीएमवायकेमध्ये प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एका पूर्ण थराला सुमारे ३५ एमबी. दहा थरांची जाहिरात ३५० एमबीवर गेली, आणि अंडूसाठी जपून ठेवलेल्या अवस्था त्यावर वेगळ्या. अशी चार-पाच पानं उघडी ठेवली, शेजारी कोरल आणि ब्राउझर असला की ८ जीबी पुरत नाहीत. खुद्द अडोबीही फोटोशॉपसाठी ८ जीबी किमान आणि १६ जीबी योग्य असंच सांगते.

आता स्टिक. टी४८० मध्ये दोन स्लॉट आहेत, दोन्ही डीडीआर४ सोडिम (लॅपटॉपच्या आखूड स्टिकचे), २६० पिनांचे, १.२ व्होल्टचे. लॅपटॉपची स्टिक साधारण सात सेंटिमीटर लांब असते, डेस्कटॉपची तिच्या जवळजवळ दुप्पट. दुकानात ‘डीडीआर४, ८ जीबी’ एवढंच सांगितलंत तर डेस्कटॉपची हातात पडू शकते, म्हणून ‘लॅपटॉपची’ हा शब्द आधी. डीडीआर३ आणि डीडीआर५ च्या स्टिकची खाच वेगळ्या जागी असते, त्या या स्लॉटमध्ये बसतच नाहीत. बसत नाही म्हणून जोर लावू नका, हे मी मुद्दाम सांगतो, कारण स्लॉटची एक पिन वाकली तर प्रकरण मदरबोर्डवर जातं.

वेगाची काळजी सोडा. ८२५०यू हा प्रोसेसर २४०० वरच चालवतो. ३२०० ची स्टिक लावली तर ती आपणहून २४०० वर उतरते, कारण स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये खालच्या वेगांचा तक्ताही लिहिलेला असतो. २४०० ची हुडकत पणजी-मडगाव करण्यापेक्षा साधी ३२०० घ्या, पुढे दुसऱ्या मशिनातही चालेल. ‘साधी’ म्हणजे १.२ व्होल्टची. गेमिंगच्या काही स्टिक १.३५ व्होल्टच्या असतात, त्यांचा इथे काही उपयोग नाही.

स्टिकरवरचं वाचायला शिका, मग दुकानदार काय देतो ते कळतं. ‘८जीबी १आर×८ पीसी४-२४००टी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २४०० हा वेग. काही स्टिकरवर त्याऐवजी पीसी४-१९२०० असतं, तेही तेच: २४०० ला ८ बाइटने गुणलं की १९,२०० एमबी प्रति सेकंद. ३२०० च्या स्टिकवर २५६०० दिसेल. सगळ्यात दुर्लक्षित भाग ‘१आर×८’ हा. यात १आर म्हणजे चिपांची एक रँक (एकत्र काम करणारा गट) आणि ×८ म्हणजे प्रत्येक चिपची रुंदी. ८ जीबीची स्टिक दोन प्रकारांत मिळते, आठ चिपांची १आर×८ आणि चारच चिपांची १आर×१६. ×१६ मध्ये बँक ग्रुप (चिपच्या आतले आलटून-पालटून काम करणारे कप्पे) निम्मे असतात, त्यामुळे ती कामाला थोडी मंद पडते. किंमत सारखीच सांगत असतील तर ×८ च घ्या.

८ की १६? माझं मत १६ ची एक. लेनोवो या मशिनाला ३२ जीबीपर्यंत म्हणते. आज ८ लावली तर ८ अधिक ८ अशी जोडी जमते, पण दोन्ही स्लॉट भरतात आणि पुढच्या वेळी दोन्ही काढून टाकाव्या लागतील. १६ लावली तर आज २४ होतात आणि पुढे जुनी ८ काढून दुसरी १६ बसते. ‘जोडी सारखी नसेल तर ड्युअल चॅनल (दोन स्टिकच्या दोन वाटा एकाच वेळी वापरणं) जातं’ हे अर्धंच खरं. ८ आणि १६ मध्ये इंटेलचा कंट्रोलर १६ जीबीचा भाग दोन्ही चॅनलवर चालवतो, वरचे ८ एका चॅनलवर. आत्ता एकाच स्टिकवर तुम्हाला १९.२ जीबी प्रति सेकंद मिळतात, दोन चॅनलवर ३८.४. या मशिनात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं, म्हणून झूम करताना, पान सरकवताना फरक डोळ्याला दिसेल. कंपनी तीच असण्याची गरज नाही.

घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या. स्टिकची वॉरंटी लांबची असते, पण बिल नसेल तर ती कागदावरच राहते. शक्य असेल तर लॅपटॉप बरोबर न्या आणि बसवून एकदा सुरू करून दाखवायला सांगा.

झुआरी_८

म्हापसा_बेंच बाब यांनी खरेदीचं सगळं सांगितलं, मी उघडण्याचं आणि ओलीचं लिहितो.

पावसाळा अडसर नाही. अडसर आहे तो तापमानातल्या फरकाचा. बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर येतो. म्हणजे २५ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणार. एसीत २२ अंशांवर गार पडलेला लॅपटॉप उचलून उजेडासाठी बल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) आणून उघडलात तर आतल्या धातूवर बारीक दव बसतं. चष्म्याच्या काचा धुकटतात तेच. म्हणून ज्या खोलीत मशीन असतं त्याच खोलीत उघडा. एसी असेल तर एसीतच, नसेल तर तासभर काम करून किंचित कोमट असलेलं मशीन बंद करा आणि पाचेक मिनिटांनी उघडा. नवी स्टिक कुरियरने आली असेल तर पाकीट न फोडता त्याच खोलीत तासभर ठेवा.

स्थिर विजेचं उलट आहे. दमट हवेत ती साठत नाही, एसीच्या कोरड्या हवेत साठते. माणसाला चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, चिपला त्याच्या कितीतरी कमी पुरतात, म्हणून ‘काही जाणवलं नाही’ याला अर्थ नाही. नायलॉनची चादर, सोफा, गालिचा यांवर हे काम करू नका. लाकडी टेबल, सुती कपडे, अनवाणी पाय. स्टिक उचलण्याआधी जमिनीशी जोडलेल्या उघड्या धातूला हात लावा. नळाला हात लावा असं सांगतात, पण आता बहुतेक घरांत पाइप पीव्हीसीचे असतात, त्या नळाचा उपयोग नाही. तीन पिनांच्या प्लगवर लावलेल्या, बटण बंद केलेल्या डेस्कटॉपचा पत्र्याचा कॅबिनेट चालतो.

आतल्या बॅटरीचं उत्तर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशिनाच्या मूळ सेटिंगमध्ये आहे. आधी एक काम: सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं स्थगित) करा. बायॉसमध्ये काही हललं की विंडोज ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर तुमच्या स्मरणिका आत अडकल्या.

मग मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन नको, कारण फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउन पुरता होत नाही. सुरू होताना एफ१ दाबत राहा. कॉन्फिग, त्यात पॉवर, त्यात ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’. चार्जर आधीच काढलेला हवा. ‘यस’ केलं की मशीन स्वतः बंद होतं आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत आतली बॅटरी झोपलेली राहते. आता खालच्या दोन खिट्या सरकवून मागची बॅटरी काढा. पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमधला उरलासुरला चार्ज जातो. मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह, डाँगल सगळं काढा.

झाकणाला सहा स्क्रू आहेत आणि ते झाकणातच अडकलेले असतात. ढिले होतात पण बाहेर पडत नाहीत, म्हणून ‘निघत नाही’ करून फिरवत बसू नका. पीएच० किंवा पीएच१ चं टोक, जे खाचेत डगमगत नाही ते. डगमगणाऱ्या टोकाने स्क्रूचं तोंड जातं. झाकण सोडवायला गिटारचा पिक उत्तम, आपल्याकडे तो दोन घरं सोडून कुठेतरी मिळतोच. लोखंडी सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका. मागच्या बाजूने, बिजागरीकडून सुरुवात करा, फटीत पिक सरकवत जा. एकेक खिटी ‘टक’ आवाज करून सुटते. तो आवाज तुटण्याचा नाही, घाबरू नका. एखाद्या जागी अडलं तर ओढू नका, एखादा स्क्रू राहिला आहे.

आत स्लॉटवर काळा पातळ पापुद्रा असेल तर तो उचलून धरायचा, फाडायचा नाही. जुनी स्टिक जागेवर राहू दे. नवी स्टिक दोन्ही कडांनी धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. खाच जुळवा, साधारण ३० अंश तिरकी धरून स्लॉटमध्ये सरळ आत ढकला. आता डोळा जवळ नेऊन बघा: सोनेरी पट्टीची जेमतेम एक बारीक रेघ दिसायला हवी, आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी. एका बाजूला जास्त सोनं दिसत असेल तर ती बाजू बसलेली नाही. मगच दोन्ही अंगठ्यांनी खाली दाबा, बाजूच्या दोन धातूच्या खिट्या एकदम ‘खट्’ करून बसतील. स्टिक नीट आत न जाताच खाली दाबली तरी खिट्या कधीकधी बसतात, आणि फसगत होते ती तिथेच.

डिचोली_४०३५०४

एक भर. जुनी स्टिकही एकदा काढून दातांवरून पांढरा खोडरबर फिरवा. आपल्या हवेत दात काळवंडतात, रबर फिरवला की चकचकीत होतात आणि बंद पडलेली मशिनं चालू होतात. सगळे दुरुस्तीवाले हेच करतात.

म्हापसा_बेंच

करतात खरे, आणि मशिनं चालूही होतात, ते नाकारत नाही. पण बऱ्याचदा ती रबरामुळे चालू होत नाहीत. स्टिक काढून पुन्हा बसवण्यातच दात आणि पिन एकमेकांवर घासून साफ होतात, काम तिथे होतं. म्हणून पहिला उपाय नुसता काढून घालणे, दोन-तीन वेळा.

रबराने काय बिघडतं ते सांगतो. दातांवरचा सोन्याचा मुलामा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. सोनं गंजत नाही, पण जिथे ते घासून उडालं किंवा त्यात सूक्ष्म भोक पडलं तिथून खारी ओल तांब्यापर्यंत जाते आणि हिरवट डाग वर येतो. मोरजी, कळंगुट, मिरामार अशा समुद्राला लागून असलेल्या घरांतल्या मशिनांना हे लवकर होतं. म्हणजे ज्या हवेसाठी आपण रबर फिरवतो त्याच हवेला आपण आत जायला वाट करून देतो. शिवाय रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर तो निघत नाही आणि एखाद्या पिनेखाली बसून राहतो.

त्याऐवजी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात छोटी बाटली मिळते, औषधांच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. सॅनिटायझर तर नकोच, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. सूत न सुटणाऱ्या कापडाच्या कोपऱ्याला दोन थेंब, दातांच्या उभ्या दिशेने पुसायचं, आडवं नाही, आणि पाच मिनिटं सुकू द्यायचं. स्लॉटमध्ये कापसाचा बोळा घालू नका, धागा पिनेत अडकतो. कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने फुंकर मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीतही मीठ असतं. हिरवा डाग पुसूनही राहिला तर त्या दाताचा मुलामा गेलेला आहे, ती स्टिक महत्त्वाच्या कामाच्या मशिनात ठेवू नका.

ताई, तुमची जुनी स्टिक व्यवस्थित चालते आहे. तिला हात लावू नका.

केपे_डीटीपी

१६ जीबी, ३२००, ×८ ची, १.२ व्होल्ट अशी घेतली. बायॉसमधून बॅटरी बंद करून एसी लावलेल्या खोलीत वर सांगितल्याप्रमाणे बसवली. चार्जर लावला, बटण दाबलं. पॉवरचा दिवा लागतो, पंखा दोन-तीन सेकंद फिरतो, पडदा काळाच. तीन वेळा केलं, तेच. कमिटेड आधी १२.१ होतं आणि सेव्ह करताना हार्ड फॉल्ट्स शेकड्यांत जात होते, म्हणजे निदान बरोबर होतं. स्टिक खराब निघाली का?

झुआरी_८

इतक्या लवकर स्टिकवर जाऊ नका. काळ्या पडद्याची कारणं सोप्याकडून अवघडाकडे अशी बघत जायची.

पहिलं, थांबणं. नवी रॅम दिसली की मशीन आधी तिची चाचपणी करतं, वेळा जुळवतं. डीडीआर४ मध्ये हे अर्ध्या-एक मिनिटात होतं, डीडीआर५ च्या मशिनात काही मिनिटंही लागतात. तेवढ्यात बटण दाबून बंद केलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. एकदा सुरू करून दोन मिनिटं घड्याळ लावून नुसतं बसा.

नाहीच आलं तर चार्जर काढा, मागची बॅटरी काढा. खालच्या बाजूला इमर्जन्सी रीसेटचं टाचणीएवढं भोक आहे, त्यात सरळ केलेली पेपर क्लिप घालून हलकेच काही सेकंद दाबा. मिनिटभर थांबून पुन्हा चार्जर लावून बघा. झाकण परत उघडण्याआधी मात्र बायॉसची वाट उपलब्ध नाही, कारण पडदाच येत नाही, आणि मघाशी चार्जर लावल्यामुळे आतली बॅटरी जागी झाली आहे. म्हणून या वेळी झाकण काढल्यावर पहिलं काम आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. तारा धरून ओढू नका. प्लास्टिकच्या कनेक्टरला दोन्ही बाजूंनी नखाने थोडं थोडं करून सरकवा. तो सुटल्याशिवाय स्टिकला स्पर्श नाही. चालू वीज असताना स्टिक हलली तर शेजारच्या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात आणि जे बिघडतं ते नुसत्या स्टिकपुरतं राहत नाही.

मग नवी स्टिक काढून पुन्हा बसवा आणि ती सोनेरी रेघ मोबाइलच्या टॉर्चने दोन्ही टोकांना बघा. तरी नाही तर जुनी काढून नवी एकटी, जुन्याच्या स्लॉटमध्ये. चालली तर स्टिक चांगली, दुसरा स्लॉट संशयित. मग जुनी एकटी रिकाम्या स्लॉटमध्ये. चालली तर स्लॉटही चांगला, दोष बसवण्यात होता. नवी कुठल्याही स्लॉटमध्ये चालत नसेल आणि जुनी दोन्हींत चालत असेल, तेव्हाच दुकानात जा. दुकानदाराला या चार चाचण्या सांगितल्यात तर तो वाद घालणार नाही.

इतर मशीनवाल्यांसाठी: डेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत बॅटरीचा दिवा बोलतो. पिवळा दोनदा आणि पांढरा तीनदा म्हणजे रॅम सापडत नाही, दोन आणि चार म्हणजे रॅम बिघडलेली, दोन आणि पाच म्हणजे न चालणाऱ्या प्रकारची रॅम.

सत्तरी_विद्यार्थी

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझा लॅपटॉप पातळ आहे, टास्क मॅनेजरमध्ये ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलंय. घरी एक जुनाही आहे, चौथ्या पिढीचा आय३. दोन्हींत रॅम वाढते का?

म्हापसा_बेंच

‘रो ऑफ चिप्स’ म्हणजे रॅम बोर्डावर सोल्डर केलेली. सोडिम असेल तिथे ‘सोडिम’ दिसतं. सोल्डर केलेली वाढवता येत नाही. बीजीए स्टेशनवर (चिप तापवून काढण्या-बसवण्याच्या यंत्रावर) चिपा बदलून देतो म्हणणारे आहेत, पण त्यात बायॉसमधली आणि बोर्डावरच्या रोधांची जुळणीही बदलावी लागते, विद्यार्थ्याच्या एकमेव मशिनावर तो प्रयोग नको. मात्र काही मशिनांत थोडी रॅम बोर्डावर आणि शिवाय एक रिकामा स्लॉट असतो, म्हणून कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल उतरवून मेमरीचं पान बघा. त्यात स्लॉटचं चित्रच असतं. एम१ पासूनच्या मॅकबुकमध्ये तर रॅम प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच असते, तिथे विकत घेतानाच ठरवायचं.

जुन्या आय३ मध्ये वाढते, पण तिथली स्टिक डीडीआर३एल, २०४ पिनांची, १.३५ व्होल्टची. ‘एल’ विसरू नका. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ दिसायला तीच, खाचही तीच, बसतेही, आणि मशीन सुरू होत नाही. आणखी एक: त्यावर ३२ बिटचं विंडोज असेल तर ४ जीबीच्या वर रॅम लावून उपयोग नाही, आधी ६४ बिटचं घाला. आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर पहिले पैसे एसएसडीला, रॅम दुसऱ्या क्रमांकावर.

केपे_डीटीपी

सुरू झालं. दोन मिनिटं थांबून नाही, रीसेटच्या भोकानेही नाही. आतला कनेक्टर सोडवून टॉर्च लावला तेव्हा दिसलं, डाव्या टोकाला रेघ जाड होती, दीड-दोन मिलिमीटर. खिट्या मात्र दोन्ही बसलेल्या. काढून तिरकी धरून पुन्हा ढकलली तेव्हा डावीकडून आणखी थोडी आत गेल्याचं बोटाला कळलं.

आता ‘स्लॉट्स युज्ड’ २ पैकी २, स्पीड २४००, एकूण २४.० आणि त्यातली वापरायला २३.८ जीबी दिसते. ०.२ कुठे गेली? आणि मेमटेस्ट (रॅममधल्या चुका शोधणारी चाचणी) करावी म्हणतात, ती किती वेळ? आमच्याकडे पावसात रात्री वीज दोनदा तरी जाते.

झुआरी_८

०.२ ग्राफिक्स आणि फर्मवेअरने स्वतःकडे ठेवली, बरोबर आहे. फरक काही जीबींचा असता तर सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये बूटच्या पानावर, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘मॅक्सिमम मेमरी’समोर खूण आहे का ते बघायला सांगितलं असतं.

मेमटेस्ट जरूर करा. रॅममधला एक बिट चुकला तर मशीन बंद पडतंच असं नाही, छापायला गेलेल्या फाइलमध्ये एखादा फोटो पट्टे पडून निघतो आणि ते प्रेसमध्ये कळतं. पासमार्कचा मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घाला, एफ१२ ने त्यावरून सुरू करा. तो सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरून मशीन सुरू होऊ न देणारं सेटिंग) चालू असतानाही चालतो, म्हणजे त्या सेटिंगला हात लावायचा नाही. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, २४ जीबीला कित्येक तास लागतील, रात्रभर लावा. चार्जर जोडलेला आणि दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या असल्या की वीज गेली तरी चाचणी तुटत नाही. पहाटे एकही लाल ओळ नको. एक जरी चूक दिसली तरी ती चूकच, मग एकेक स्टिक वेगळी तपासायची.

बिटलॉकर सस्पेंड केलं होतं ते पुन्हा चालू करा. आणि २५६ ची एसएसडी आहे म्हणून सांगतो, हायबरनेशनची (रॅममधलं डिस्कवर उतरवून मशीन बंद करण्याची) फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के असते, म्हणजे ३.२ जीबीची आता ९.६ होईल. हायबरनेट वापरत नसाल तर बंद करा, तेवढी जागा सुटेल. शेवटी फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्स उघडून त्याला किती मेमरी द्यायची ते बघा. कोरल बरोबर चालवता म्हणून २४ पैकी १३-१४ जीबी द्या, सगळी देऊ नका.

केपे_डीटीपी

चार फेऱ्या झाल्या, चुका शून्य. मध्ये वीज एकदा गेली, चाचणी चालूच राहिली. तीच ऐंशी पानांची स्मरणिका उघडून सगळ्या जाहिराती लावल्या: कमिटेड १४.३, हार्ड फॉल्ट्सचा आलेख तळाला, सेव्ह करताना कर्सर हलतो. बिटलॉकर परत चालू केलं, की कागदावर लिहून कपाटात ठेवली आहे. देव बरें करूं तुम्हां दोघांचें.